‘सहा लाख घ्या आणि सही करा’ म्हणतात. करू का?

वाचक ताईंचं पत्र (थोडं कमी करून):

‘माझे यजमान जाऊन साडेचार महिने झाले. रात्री दुकान बंद करून स्कूटरवरून घरी येत होते. आमच्या रस्त्याचं काँक्रीटचं काम चालू होतं. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण कामवाल्यांनी काढून बाजूला ठेवलेलं, वर पावसाचं पाणी, दिवे बंद. पुढचं चाक आत गेलं. डोक्याला मार लागला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते गेले. वय ३८. मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, महिन्याला २४ हजारांच्या आसपास सुटायचे. मुलं ११ आणि ७ वर्षांची. सासूबाई आमच्याकडेच असतात.

आता महापालिकेकडून ६ लाख मिळतील असं कळलं. आमचे नगरसेवक आणि ठेकेदाराचा माणूस घरी येऊन गेले. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही मागतात. त्यात लिहिलंय की “पूर्ण व अंतिम मोबदला मिळाला, माझी व माझ्या मुलांची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही.” वर मला पालिकेत कामाला लावतो म्हणतात. पोलिसांच्या कागदात “गाडी घसरून” असं लिहिलेलं आहे. धाकटे दीर म्हणतात सही करून टाक, कोर्टात चपला झिजतील. माझे वडील म्हणतात थांब. स्कूटर अजून पोलीस ठाण्याच्या आवारात पडून आहे. खरं सांगायचं तर त्यांच्या जाण्याचे पैसे मागायचे म्हणजे मलाच कसंतरी होतं. काय करू?’

---

ताई,

तुमचं आणि शहराचं नाव छापत नाही. उत्तर मात्र सगळ्यांसमोर देते, कारण असा स्टॅम्पपेपर घेऊन दारात उभी राहणारी माणसं एकाच शहरात नाहीत.

आधी घाईचं. अपघाताला साडेचार महिने झाले म्हणता, म्हणजे तुमच्या हातात दीड महिना आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४८७ असं सांगतं की पालिकेच्या हलगर्जीपणाबद्दल दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यायची, एक महिना थांबायचं आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात कलम ५२७ आहे, नगरपालिकांच्या १९६५ च्या कायद्यात कलम ३०४. तिन्हीकडे नोटिशीचा एक महिना आणि दाव्याचे सहा महिने हाच हिशेब. मृत्यूबद्दलच्या भरपाईच्या दाव्याला एरवी दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे कुणीतरी तुम्हाला ‘दोन वर्षं आहेत की’ असं सांगेल. पालिका समोर असताना त्या दोन वर्षांवर विसंबून राहायचं नाही. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळावा असा युक्तिवाद वकील करतात, पण हाताशी दिवस असताना युक्तिवादाच्या आधारावर का जगायचं? नोटीस या आठवड्यात गेली पाहिजे.

त्या माणसांच्या ‘बघू, पुढच्या मीटिंगला विषय घेतो, साहेब रजेवर आहेत’ याकडे आता जरा वेगळ्या नजरेनं बघा. ते मुद्दाम वेळ काढताहेत असं मी म्हणत नाही. पण वेळ गेला की फायदा कुणाचा, हे उघड आहे.

नोटीस म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. आयुक्तांच्या नावे, साध्या मराठीत: तुमचं नाव-पत्ता, काय घडलं, कुठे, कधी, पालिकेची आणि ठेकेदाराची चूक कोणती, किती रक्कम मागता. पालिकेच्या मुख्य कार्यालयात आवक-जावक विभागात द्यायची आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. प्रभाग कार्यालयात देऊन येऊ नका. तिथला कारकून ‘पोचवतो वर’ म्हणेल. कायद्याला मुख्य कार्यालय लागतं. शिवाय एक प्रत स्पीड पोस्टनं. रस्ता खरंच पालिकेचाच आहे ना, हेही तपासा. सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा विकास प्राधिकरणाचा निघाला तर पालिका कोर्टात हात झटकून मोकळी होते. शंका असेल तर दोघांनाही नोटीस द्या. राज्य सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते, तीही त्याच दिवशी रवाना करा.

आता ते सहा लाख. ते घ्यायचेच. ती कुणाची मेहेरबानी नाही. खड्ड्यांबद्दलच्या, न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख द्यायचे. महापालिकेत यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. अर्ज केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे मिळाले पाहिजेत. नाही मिळाले तर वरचा अधिकारी व्यक्तिशः जबाबदार आणि वर ९ टक्के व्याज. ही रक्कम पुढे दोषी ठेकेदाराकडून किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायची आहे. आणि ज्या वाक्यासाठी हा सगळा परिच्छेद लिहिला ते वाक्य असं की ही भरपाई कायद्यातल्या इतर मार्गांच्या व्यतिरिक्त आहे. म्हणजे सहा लाख घेतल्यानं दावा संपत नाही.

मग स्टॅम्पपेपर कशाला? नेमका त्याच्यासाठी. आदेशानं जो हक्क शाबूत ठेवला तो तुम्हाला तुमच्याच सहीनं सोडून द्यायला लावायचा. उच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे मिळणाऱ्या पैशाला ठेकेदाराच्या माणसानं टाइप करून आणलेला करारनामा लागत नाही. समितीकडे अर्ज करा, पावती द्या. पावतीवर एवढंच लिहा: ‘उच्च न्यायालयाच्या दि. १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानुसार रु. ६ लाख मिळाले. माझे, माझ्या मुलांचे व सासूबाईंचे इतर सर्व कायदेशीर हक्क राखून ही रक्कम स्वीकारली आहे.’ कुणी म्हणालं की असं लिहिलंत तर चेक मिळणार नाही, तर त्याला ते लिहून द्यायला सांगा. कुणी लिहून देणार नाही.

शिवाय त्या कागदात ‘माझी व माझ्या मुलांची’ असं आहे. अकरा आणि सात वर्षांच्या मुलांचा हक्क आईनं घरातल्या कॉटवर बसून स्टॅम्पपेपरवर सोडून देणं कायद्यात इतकं सोपं नाही. दावा चालू असताना अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांच्या वतीनं तडजोड करायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नियम ७ प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते, आणि मुलांच्या भल्याची आहे असं वाटल्याशिवाय कोर्ट ती देत नाही. ठेकेदाराच्या वकिलाला हे ठाऊक असतं. तरी कागद आणतात, कारण सही झाली की बहुतेक बाया पुन्हा कोर्टाची पायरी चढत नाहीत.

सहा लाख म्हणजे किती कमी, हे आकड्यात बघितल्याशिवाय कळत नाही. मोटार अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिलेलं एक कोष्टक आहे. तुमचं प्रकरण मोटार अपघात न्यायाधिकरणात जाणार नाही, कारण समोर दुसरी गाडी नाही. पण मृत्यूची भरपाई मोजताना दिवाणी न्यायालयंही हाच गुणकाचा मार्ग धरतात. तुमचे आकडे घालते. महिन्याला २४,०००. स्वतःचा व्यवसाय, वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे वाढलं असतं त्या उत्पन्नाचे ४० टक्के धरायचे: ३३,६००. घरात अवलंबून चारजण, तुम्ही, दोन मुलं, सासूबाई. म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: २५,२००. वर्षाचे ३,०२,४००. वय ३६ ते ४० ला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो आकडा, १५. झाले ४५,३६,०००. त्यात सहजीवन हिरावल्याचे, अंत्यविधीचे वगैरे ठरावीक सव्वादोन लाखांच्या आसपास. म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस लाख.

हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. पालिकेचा वकील तो तीन ठिकाणी कुरतडणार. पहिलं उत्पन्न: आयकर विवरणपत्र भरलं होतं का? नसेल तर ‘२४ हजार कशावरून’ हा प्रश्न येणार. आत्ता घाईघाईनं भरपूर उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरायला कुणी सांगेल, ते करू नका. मृत्यूनंतर अचानक फुगलेल्या उत्पन्नावर कोणतंही कोर्ट विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा त्यांचा मोबाइल जपा. तो विकू नका, मुलांना खेळायला देऊ नका, सिम बंद पडू देऊ नका. छोट्या दुकानदाराचा अर्धाअधिक धंदा आता यूपीआयच्या व्यवहारांत असतो. बँकेतून दोन-तीन वर्षांचा खातेउतारा काढा. तांब्याची तार कुणाकडून घ्यायचे त्याची बिलं, शॉप ॲक्टचं लायसन, उद्यम नोंदणी, आणि ती उधारीची वही. कुणाच्या पंपाची मोटर, किती एचपी, किती रुपये, अशा त्यांच्या हाताच्या नोंदी असतील. वही असेल तशी ठेवा, नीट करायला जाऊ नका.

दुसरं, त्यांचीही चूक होती असं म्हणतील. वेगात होते, हेल्मेटचा पट्टा नव्हता. वीस टक्के धरली तर आकडा ३८ लाखांवर येतो. शवविच्छेदन अहवालाची आणि दवाखान्याच्या केसपेपरची प्रत काढा. मद्याचा उल्लेख नसेल तर ‘प्यायलेले होते’ हा आरोप तिथेच मिटतो. तिसरं, ‘काम ठेकेदाराचं, आमचा संबंध नाही.’ हे उत्तर टिकत नाही. बडोद्याच्या सूरसागर तलावात १९९३ साली बोट उलटून २२ जण बुडाले. बोटी ठेकेदाराच्या होत्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं: काम ठेक्यानं दिलं म्हणून लोकांच्या जिवाची जबाबदारी ठेक्यानं देता येत नाही.

पण त्या दोन सालांमधलं अंतर बघा. एकवीस वर्षं. तुमचे दीर चपलांबद्दल बोलले ते उगाच नाही.

म्हणून जिंकण्या-हरण्याबद्दलही सरळ बोलू. पालिकेविरुद्धचे मृत्यूचे सगळे दावे जिंकले जात नाहीत. राजकोटमध्ये एका नोकरदाराच्या अंगावर रस्त्याकडेचं झाड पडलं आणि ते गेले. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूनं निकाल दिला, कारण झाड पडायला आलंय हे पालिकेला कळायला हवं होतं असं पुराव्यात आलं नाही. दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर फांदी पडली त्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पालिकेला पैसे द्यायला लावले. त्याआधी १९६६ मध्ये चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली तेव्हा न्यायालय म्हणालं की मनोरा पालिकेच्या ताब्यात होता, ८० वर्षांचा झाला होता, तसल्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. असा मनोरा पडतो याचाच अर्थ देखभाल झाली नाही. फरक कुठे पडतो तर ‘पालिकेला कळायला हवं होतं का’ या एका प्रश्नावर.

तुमच्याकडे तर झाड नाही, झाकण आहे. ते आपोआप उडालं नाही, कामासाठी काढलं. काढणारा पालिकेनं नेमलेला. भोवती बॅरिकेड लावायचं, रात्री लाल दिवा ठेवायचा, रिफ्लेक्टर लावायचे हे अशा ठेक्यांच्या अटींत असतं. खटला म्हणून तुमची बाजू भक्कम आहे. आणि भक्कम बाजू असलेल्या माणसानंच तडजोडीला बसावं, असं माझं मत आहे. बाजू लंगडी असली की तडजोड होत नाही, नुसती याचना होते.

मात्र पुरावा आजचा आज हलवा. रस्ता काँक्रीटचा होतोय म्हणजे तुम्ही हे वाचेपर्यंत तो चेंबर झाकून, वर गुळगुळीत काँक्रीट होऊन, बाजूला पिवळा पट्टाही मारला गेला असेल. त्या रात्रीचे फोटो कुणाकडे आहेत? गल्लीतल्या पोरांनी नक्की काढले असतील, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरले असतील. मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये आहेत तो फोन कुणाचा, हे लिहून ठेवा. फॉरवर्ड झालेल्या फोटोची तारीख निघून जाते. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही एव्हाना पुसला गेला असेल, तरी विचारा. आधी कुणी त्या चेंबरची तक्रार केली होती का? पालिकेच्या ॲपवर, हेल्पलाइनवर, वॉर्डात? अशी एक तक्रार, घटनेच्या चार दिवस आधीची, मिळाली तर राजकोटचा प्रश्न तुमच्या बाबतीत उरतच नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराला ३० दिवस. मागायचं ते असं: त्या कामाचा कार्यादेश, निविदेतल्या सुरक्षेच्या अटी, मोजमाप पुस्तिकेतली त्या आठवड्याची पानं, कनिष्ठ अभियंत्याचे स्थळपाहणी अहवाल, त्या रस्त्याबद्दल आलेल्या तक्रारींची नोंदवही, पथदिव्यांच्या दुरुस्तीची नोंद, आणि ठेकेदाराने काढलेल्या विमा पॉलिसीची प्रत. शेवटचं विसरू नका. मोठ्या कामांत तिऱ्हाइताच्या जिवाला धोका झाला तर भरपाई देणारा विमा ठेकेदारानं काढावा अशी अट बहुधा असते. तडजोडीत पैसे खरं म्हणजे तिथून, नाहीतर ठेकेदाराच्या अनामत रकमेतून येतात. म्हणून आयुक्तांना वेगळं पत्र द्या की दावा मिटेपर्यंत या ठेकेदाराचं अंतिम बिल आणि अनामत सोडू नये. एकदा अनामत परत गेली की ठेकेदाराचा माणूस तुमच्या कॉटवर येऊन बसायचा नाही.

पोलिसांचा कागद. ‘गाडी घसरून’ हे दोन शब्द तुमचं सगळ्यात जास्त नुकसान करणार आहेत, कारण पुढचा प्रत्येकजण तोच कागद उघडून बसणार. पुष्कळदा तर मयतावरच बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा लावून फाइल बंद करतात. अकस्मात मृत्यूची नोंद, घटनास्थळ पंचनामा आणि मरणोत्तर पंचनामा यांच्या प्रती मागा. पंचनाम्यात चेंबरचा उल्लेख आहे की नाही बघा. नसेल तर साक्षीदारांची नावं देऊन लेखी तक्रार करा की भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्याचा गुन्हा ठेकेदार आणि जबाबदार अभियंत्यावर नोंदवावा. ठाण्यात घेतली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पोस्टानं, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. आणि हा गुन्हा तडजोडीत ‘मागे घेण्याचा’ नसतो. स्टॅम्पपेपरवर ‘पोलीस केस मागे घेईन’ असं लिहून त्याचे पैसे घेणं हे करारच रद्दबातल करणारं कलम आहे. ते कुठेही येऊ देऊ नका.

नोकरीचं आश्वासन मी इथेच निकाली काढते. अनुकंपा नोकरी पालिकेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्याच्या वारसाला मिळते. तुमचे यजमान कर्मचारी नव्हते. नगरसेवक फार तर एखाद्या कंत्राटदाराकडे झाडूखात्यात रोजंदारीवर लावतील, आणि कंत्राट बदललं की घरी. लागलीच गरज असेल तर काम घ्या, त्यात कमीपणा नाही; पण त्याची किंमत तडजोडीच्या रकमेत धरू नका.

आता तडजोड कुठे करायची. घरात नाही, नगरसेवकाच्या कार्यालयात नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, दाव्याच्या कोर्ट फीचा भारही प्राधिकरण उचलतं. तुमच्या सहा लाखांच्या समितीत बसणारे सचिव तेच. एकाच खेपेत दोन्ही कामं होतील. मोफत मिळालेला वकील कसा निघेल याची धाकधूक असते, ती मला मान्य आहे. म्हणून अपघात भरपाईचे दावे चालवणारा पॅनेलवरचा वकील द्या, असं लेखी मागा, आणि नाही पटला तर बदलून मागा. त्याला संकोच नको.

दावा दाखल करा, आणि मग लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथे झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याच्या बरोबरीचा असतो, त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. पालिकेच्या बाजूनं सही करणाऱ्याला तेवढे पैसे द्यायचा अधिकार आहे का, हे विचारायचं. स्थायी समितीचा, प्रशासक असेल तर प्रशासकाचा, ठराव क्रमांक आणि तारीख निवाड्यात आली पाहिजे. नाहीतर रक्कम कागदावर राहते आणि फाइल लेखा विभागात फिरत बसते. किती दिवसांत पैसे, उशीर झाल्यास किती व्याज, पैसे कुणाच्या खात्यात किती, हे सगळं त्यातच. मुलांच्या वाट्याची मुदत ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत, सज्ञान होईपर्यंत. व्याज तुमच्या खात्यात दर तिमाहीला.

आकडा? वर्षानुवर्षं वाट न बघता लवकर पैसे हवे असतील तर रकमेत सूट द्यावी लागते. तुमच्या पत्रातल्या माहितीवरून, उत्पन्नाचा पुरावा बरा निघाला तर, मी पंचवीस लाखांच्या खाली सही करू देणार नाही. तीस लाखांच्या आसपास मिळाले तर घ्या म्हणेन. ते सहा लाख यातून वजा करा असं पालिका म्हणेल. त्यावर तुमच्या वकिलाला भांडू द्या, पण त्या एका मुद्द्यावर तडजोड मोडू नका. पंधराच्या पुढे कुणी जातच नाही असं दिसलं तर दावा चालू द्या. सहा लाख हातात असल्यामुळे तुम्हाला तेवढं थांबता येईल, त्यांचा खरा उपयोग तोच आहे.

घरातलं थोडं. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याप्रमाणे भरपाई पत्नी, मुलं आणि आईवडिलांसाठी असते. भावासाठी नाही. तुमचे दीर धावपळ करताहेत, त्यांचा हेतू वाईट आहे असं मला पत्रातून दिसत नाही. घरात एक मरण झालं, आता कटकट मिटावी एवढंच त्यांना हवं असेल. पण सही त्यांची चालत नाही आणि सल्ल्याची जोखीमही त्यांच्यावर येत नाही. सासूबाईंना मात्र दाव्यात सोबत घ्या, त्यांचा वाटा पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. म्हातारीला बाजूला ठेवलं की समोरचा वकील तिलाच आपल्याकडे ओढतो, हे मी पाहिलेलं आहे.

आणि ‘कसंतरी होतं’ त्याबद्दल. पैसे मागितले म्हणून त्यांच्या जाण्याचा भाव ठरत नाही. ते असते तर दर महिन्याला घरात जे आले असते ते आता येत नाही, आणि ते न येण्याला कुणीतरी कारणीभूत आहे. दावा तेवढाच आहे. शाळेची फी भरताना तुम्हाला कसंतरी होणार नाही ना?

राहिली स्कूटर. ती भंगारात देऊ नका, सोडवून आणण्याचीही घाई नको. आधी मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल झालाय का विचारा आणि पुढच्या चाकाचे, फोर्कचे फोटो काढून घ्या. मग घरातली विमा पॉलिसी शोधा. पॉलिसी त्यांच्या नावावर, लायसन चालू आणि ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ असा हप्ता भरलेला असेल तर १५ लाखांचं संरक्षण असतं, त्याला समोर दुसरी गाडी लागत नाही. ते पालिकेच्या पैशापेक्षा लवकर मिळेल. बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापल्याची नोंद दिसते का बघा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची असते, २ लाख. या योजनेत कळवायची मुदत छोटी आहे आणि ती उलटून गेली असणार. तरी अर्ज द्या, उशिराचं कारण लिहा, पोच घ्या. नाकारलं तर नाकारल्याचं पत्र मागा आणि ते पत्र घेऊन विधी सेवा कार्यालयात त्याच वकिलाकडे जा.